निपुत्रिक जलदेवता आणि चार कादंबऱ्या

१/
नायजेरियाच्या आग्नेय भागात ओगुटा नावाचे गाव एका तळ्याकाठी वसले आहे. त्या तळ्याच्या तळाशी उहामिरी नावाची देवी राहते, अशी तेथील इग्बो लोकांची श्रद्धा. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीत ही देवी येते. ती रूपवान आहे, धनवान आहे, भक्तांनाही धन देते. मात्र तिला मूल नाही. ज्या समाजात मूल नसलेली स्त्री अपुरी मानली जाते, त्याच समाजातील स्त्रिया या देवीची पूजा का करतात? कादंबरी याच प्रश्नावर संपते. पुढच्या दोन दशकांत आफ्रिकेच्या तीन देशांतील लेखिकांनी या प्रश्नाला फार वेगवेगळी उत्तरे दिली. त्या उत्तरांचा हा थ्रेड.

२/
ती कादंबरी म्हणजे 'एफुरू' आणि तिच्या लेखिका फ्लोरा न्वापा. त्यांचा जन्म १९३१ साली ओगुटा येथेच झाला. इबादानला पदवी आणि एडिनबरोला शिक्षणशास्त्राचा अभ्यास करून त्या मायदेशी परतल्या. त्यांचे हस्तलिखित चिनुआ अचेबे यांच्याकडे गेले. अचेबे तेव्हा हाइनमन प्रकाशनाच्या 'आफ्रिकन रायटर्स सीरिज'चे संपादक होते. 'एफुरू' त्या मालिकेतले २६ वे पुस्तक ठरले आणि मालिकेत प्रवेश मिळवणाऱ्या न्वापा या पहिल्या लेखिका. त्याच वर्षी केनियाच्या ग्रेस ओगोट यांची 'द प्रॉमिस्ड लँड' ही कादंबरीही आली. आफ्रिकी स्त्रीच्या इंग्रजी कादंबरीचा आरंभ असा एकाच वर्षी, खंडाच्या दोन टोकांना झाला.

३/
तत्कालीन काही समीक्षकांना 'एफुरू' फारशी रुचली नाही. तिच्यात कथानक थोडे आणि बायकांच्या गप्पा फार, असा आक्षेप घेतला गेला. विहिरीवर, बाजारात, ओसरीवर चालणाऱ्या या गप्पांत कोणाचे देज किती ठरले, कोणाचे कर्ज थकले, कोणाला दिवस राहिले, कोणाचा नवरा परागंदा झाला, हेच विषय. पण या गप्पांमागे एक मोठा इतिहास उभा होता. तो लक्षात घेतल्याशिवाय ही कादंबरी कळत नाही.

४/
नोव्हेंबर १९२९. ब्रिटिशांच्या ताब्यातील आग्नेय नायजेरियात पुरुषांवर कर बसून फार काळ लोटला नव्हता. अशात ओलोको गावी माणसे, बायका आणि जनावरे मोजायला सरकारचा माणूस आला. आता स्त्रियांवरही कर बसणार, ही बातमी बाजारांमधून पसरली. हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या. ब्रिटिशांनी नेमलेल्या 'वॉरंट चीफ' मंडळींच्या दारांत त्या ठाण मांडून बसल्या, अनेक ठिकाणी न्यायकचेऱ्यांवर चालून गेल्या. सैनिकांनी आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पन्नासहून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या. सरकारी कागदपत्रांनी याला 'आबा दंगल' म्हटले. इग्बो स्मृतीत ते 'स्त्रियांचे युद्ध' आहे.

५/
या स्त्रियांनी वापरलेले शस्त्र जुनेच होते. एखाद्या पुरुषाने बायकोला छळले किंवा बाजाराचे नियम मोडले, तर गावच्या स्त्रिया त्याच्या घरापुढे जमत, त्याची टिंगल करणारी गाणी म्हणत, नाचत, मुसळांनी त्याचे खोपटे बडवत. तो वठणीवर येईपर्यंत त्या हलत नसत. त्यांच्या स्वतःच्या सभा होत्या, बाजारावर त्यांचा अंमल होता. एकाच कुळातील लेकींची, म्हणजे माहेरवाशिणींची 'उमुआडा' ही मंडळी माहेरच्या कारभारात वजन राखून होती. इंग्रजी राज्ययंत्रणेने मात्र गावातून नेमके पुरुष निवडून त्यांनाच अधिकार दिले. स्त्रियांच्या या संस्था तिच्या नकाशात उमटल्याच नाहीत.

६/
म्हणूनच 'परंपरा म्हणजे जाच आणि आधुनिकता म्हणजे मुक्ती' हे सोपे सूत्र या कादंबऱ्यांना लावता येत नाही. त्याऐवजी प्रत्येक नायिकेबाबत तीन साधे प्रश्न विचारून पाहावेत. तिच्या कमाईवर हक्क कोणाचा? घर सोडावे लागले तर परत जायला दुसरे घर आहे का? आणि तिच्या बाजूने उभी राहणारी दुसरी स्त्री कोण? या तीन प्रश्नांची उत्तरे गावागणिक आणि दशकागणिक कशी बदलत गेली, हे या चार कादंबऱ्या शेजारी ठेवल्यावर स्पष्ट दिसते.

७/
प्रथम एफुरू. ती प्रतिष्ठित घराण्यातली. देज देण्याची ऐपत नसलेल्या अडिझुआबरोबर ती आपल्या मर्जीने संसार मांडते. शेतावर राबणे आपल्याला जमणार नाही, आपण व्यापार करू, असे ती स्पष्ट सांगते आणि व्यापारात यशही मिळवते. पुढे नवराबायको मिळून देज चुकते करतात. उशिरा झालेली एकुलती मुलगी मरते, नवरा दुसऱ्या बाईबरोबर निघून जातो. दुसरा नवरा गिल्बर्ट हा मिशनच्या शाळेत शिकलेला; पण शिक्षणाने त्याच्यात विशेष फरक पडलेला नाही. अन्य स्त्रीपासून झालेला मुलगा तो एफुरूपासून लपवून ठेवतो.

८/
याच काळात उहामिरी एफुरूच्या स्वप्नात येऊ लागते. देवीची उपासक होणे म्हणजे काही नेम पाळणे. इग्बो आठवडा चार दिवसांचा असतो. त्यातील एका ठरावीक दिवशी पांढरे वस्त्र नेसायचे, पतीपासून दूर निजायचे. मूल नसलेल्या स्त्रीला या नेमामुळे गावात एक मान्य स्थान मिळते. पुढे एफुरू आजारी पडते, तेव्हा गावात कुजबुज होते की हे व्यभिचाराचे फळ आहे. नवराही तिला कबुली द्यायला सांगतो. ती आपले निर्दोषत्व सिद्ध करते आणि त्याचे घर सोडून वडिलांच्या घरी परतते. तिच्यापाशी पैसा आहे, माहेर आहे आणि देवी आहे. तिचा पराभव होत नाही, तो यामुळेच.

९/
न्वापा यांनी गावाचे गुणगान केलेले नाही. याच कादंबरीत एफुरूला सुंतेची वेदना सोसावी लागते, आणि ती सोसायला लावणाऱ्या स्त्रियाच असतात. तिचे भले व्हावे अशी त्यांची प्रामाणिक इच्छा असते. मूल होत नाही म्हणून तिला टोमणे मारणाऱ्याही स्त्रियाच. गावाने स्त्रीला आधार दिला आणि जखमही दिली, या दोन्ही गोष्टी लेखिकेने शेजारी ठेवल्या आणि निवाडा वाचकावर सोडला.

१०/
तेरा वर्षांनी, १९७९ साली, बुची एमेचेटा यांनी या प्रश्नाला थेट उत्तर दिले. 'एफुरू'च्या अखेरच्या परिच्छेदात, देवीला न लाभलेल्या मातृत्वाच्या आनंदाचा जो उल्लेख येतो, तोच त्यांनी उपरोधाने आपल्या कादंबरीच्या नावात घेतला : 'द जॉइज ऑफ मदरहुड'. एमेचेटा यांचा जन्म १९४४ साली लागोस येथे झाला. सोळाव्या वर्षी लग्न, मग लंडन, बाविशीपर्यंत पाच मुले. त्यांच्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित पतीने जाळून टाकले. त्या मुलांना घेऊन घराबाहेर पडल्या, नोकरी करत शिकल्या आणि जळालेली कादंबरी पुन्हा लिहिली. ती 'द ब्राइड प्राइस' या नावाने १९७६ साली प्रसिद्ध झाली.

११/
'द जॉइज ऑफ मदरहुड'ची सुरुवात १९३४ सालच्या लागोसमध्ये होते. न्नू एगो ही तरुणी पुलाच्या दिशेने धावत सुटली आहे. तिला खाडीत उडी घ्यायची आहे, कारण तिचे तान्हे बाळ मेले आहे. इबुझा गावातील एका बड्या सरदाराची ही मुलगी. पहिल्या लग्नात मूल झाले नाही म्हणून ती माहेरी परतली होती. दुसरा नवरा न्नाईफे हा लागोसमध्ये एका गोऱ्या कुटुंबाचे कपडे धुतो. धन्याच्या बायकोचे अंतर्वस्त्र धुणारा हा पुरुष कसला, असा प्रश्न तिला पडतो. पण वसाहतीच्या शहरात पगार त्यालाच मिळतो, आणि त्या पगारामुळे तो घराचा धनी ठरतो.

१२/
पुढे न्नू एगोला बरीच मुले होतात, मुलगेही होतात. गावाच्या दृष्टीने ती कृतार्थ. प्रत्यक्षात ती रस्त्यावर सिगारेटी आणि काड्यापेट्या विकून घर चालवते. दुसऱ्या महायुद्धात न्नाईफेला जबरदस्तीने सैन्यात नेले जाते. इतिहासातही हे घडले होते : पश्चिम आफ्रिकेतील हजारो सैनिक या युद्धात भारतमार्गे ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले. त्यांच्या मागे राहिलेल्या स्त्रियांनी दिवस कसे काढले, याची नोंद युद्धाच्या इतिहासात क्वचितच सापडते. एमेचेटा यांच्या कादंबरीने ती केली.

१३/
या कादंबरीतला सर्वांत बोलका प्रसंग न्यायालयातला आहे. मुलीच्या लग्नावरून झालेल्या मारहाणीबद्दल न्नाईफेवर खटला चालतो. मुलाची फी कोण भरते, असे न्नू एगोला विचारले जाते. तिचे उत्तर साधारण असे : पैसे मी देते, पण माझा मालक तो आहे, तेव्हा फी तोच भरतो. न्यायालयात हशा पिकतो. तिला मात्र यात हसण्याजोगे काहीच दिसत नाही. गावचा नियम आणि शहराचा कायदा यांच्या मधल्या फटीत ती अडकली आहे. गावात स्त्रीचा बाजार होता, माहेरवाशिणींची मंडळी होती. शहरात भाड्याची एक खोली आहे आणि तीही नवऱ्याच्या नावावर.

१४/
न्नू एगोसमोर एक वेगळी वाट तिच्या सवतीने चोखाळलेली असते. अडाकू ही न्नाईफेच्या मृत भावाची बायको. प्रथेनुसार ती न्नाईफेच्या वाट्याला आली. तिला मुलीच आहेत, मुलगा नाही. म्हणून घरात मान नाही. ती घर सोडते, लोकनिंदा पत्करते, पैसा उभा करून व्यापार थाटते आणि मुलींना शिकवायचे ठरवते. न्नू एगोला मात्र तिच्याशी उघडपणे मैत्री ठेवता येत नाही. अखेरीस मुलगे परदेशी गेलेले असताना न्नू एगो गावी, रस्त्याकडेला, एकटीच मरते. मुलगे थाटामाटात उत्तरकार्य करतात. मूल व्हावे म्हणून लोक तिच्या नावाने नवस बोलतात, पण ती कोणाच्या नवसाला पावत नाही. उहामिरीच्या प्रश्नाला एमेचेटा यांनी दिलेले हे उत्तर.

१५/
त्याच १९७९ साली सेनेगलमध्ये एक छोटी फ्रेंच कादंबरी प्रसिद्ध झाली. इंग्रजीत ती 'सो लाँग अ लेटर' या नावाने ओळखली जाते. लेखिका मारियामा बा या डाकारच्या शिक्षिका, नऊ मुलांच्या आई आणि घटस्फोटित. १९८० साली पहिला 'नोमा पुरस्कार' या कादंबरीला मिळाला. १९८१ साली बा यांचे निधन झाले. कादंबरी पत्ररूप आहे. पतीच्या निधनानंतर इद्दतीत बसलेली रामातुलाय आपली बालमैत्रीण आयसातू हिला लिहिते आहे. दोघीही शिकलेल्या, स्वतंत्र सेनेगलची स्वप्ने पाहिलेल्या. दोघींच्याही नवऱ्यांनी दुसरी बायको केली.

१६/
रामातुलायच्या नवऱ्याने तर आपल्या मुलीच्या मैत्रिणीशीच निकाह लावला. ही बातमी त्याने स्वतः सांगितली नाही. ती सांगायला इमाम, भाऊ आणि मित्र अशी तिघे घरी आली. त्याच्या मृत्यूनंतर आणखी एक गोष्ट उघड होते. नव्या बायकोच्या बंगल्यासाठी त्याने कर्ज काढले होते आणि तारण म्हणून जुने घर ठेवले होते. ते घर नवराबायकोच्या सामाईक बचतीतून घेतलेले. कागदावर नाव मात्र त्याचे एकट्याचे. न्नू एगोच्या न्यायालयातील उत्तराला हा प्रसंग जोडून पाहावा. एक निरक्षर, दुसरी शिक्षिका. कमाईवरचा हक्क दोघींच्याही हातून त्याच रीतीने निसटतो.

१७/
कायदा या काळात बदलत होता. सेनेगलच्या १९७२ च्या कुटुंब संहितेनुसार विवाहाच्या वेळी एकपत्नीत्व की बहुपत्नीत्व, हे नोंदवण्याची सोय झाली. पण कायद्याची तरतूद आणि घरातली वहिवाट यांत अंतर राहिले. बा यांनी म्हणूनच दोन मैत्रिणींचे दोन निर्णय शेजारी ठेवले. सोनाराची मुलगी म्हणून सासूने हीन लेखलेली आयसातू चार मुलांना घेऊन घर सोडते, दुभाषी होते, अमेरिकेतील वकिलातीत नोकरी मिळवते. रामातुलाय घर सोडत नाही. पण इद्दत चालू असतानाच दिराने लग्नाची मागणी घालताच त्याला खडसावून बाहेर काढते. लेखिका एकीला शूर आणि दुसरीला भित्री ठरवत नाही.

१८/
आयसातूने दुरून केलेली एक गोष्ट लक्षात राहते. बसच्या रांगेत ताटकळणाऱ्या रामातुलायला ती मोटार विकत घेऊन देते. सवतीच्या आलिशान गाड्या शहरात फिरत असताना ही साधी गाडी रामातुलायची मान ताठ ठेवते. न्नू एगोला जे मिळाले नाही, ते हेच : स्वतःची कमाई असलेली आणि ती दुसरीसाठी खर्च करणारी मैत्रीण.

१९/
चौथी कादंबरी झिम्बाब्वेच्या त्सित्सी डांगारेम्ब्गा यांची, 'नर्व्हस कंडिशन्स' (१९८८). प्रकाशक लंडनची विमेन्स प्रेस. शीर्षकाचा उगम फ्रांत्स फॅनन यांच्या ग्रंथाला झाँ-पॉल सार्त्र यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत आहे. काळ १९६० च्या दशकाच्या अखेरचा, देश अजून गोऱ्यांच्या सत्तेखालचा ऱ्होडेशिया. निवेदिका तांबू आरंभीच कबूल करते की भावाच्या मृत्यूचे आपल्याला दुःख झाले नाही. कारण भाऊ जिवंत असेपर्यंत शाळेचा हक्क त्याचा होता. फी साठी तिने स्वतः मका पेरला, तर त्याची कणसेही त्याने चोरली होती.

२०/
भावाच्या जागी तांबू मिशनच्या शाळेत, काकांच्या घरी येते. काका बाबामुकुरू मुख्याध्यापक. सारे कुटुंब त्यांना देवासमान मानते. काकू माईगुरू यांच्याकडेही इंग्लंडमध्ये मिळवलेली पदव्युत्तर पदवी आहे, ही गोष्ट तांबूला फार उशिरा कळते, कारण घरात ती कोणी बोलतच नाही. माईगुरूंचा पगार नवऱ्याच्या गोतावळ्यावर खर्च होतो. एकदा असह्य होऊन त्या आपल्या भावाच्या घरी निघून जातात. पाच दिवसांनी नवरा त्यांना परत घेऊन येतो. त्या भावाकडेच गेल्या, म्हणजे एका पुरुषाच्या घरून दुसऱ्या पुरुषाच्या घरी गेल्या, हे त्यांच्या लेकीच्या, न्याशाच्या, नजरेतून सुटत नाही.

२१/
येथेही इतिहास आड उभा आहे. ऱ्होडेशियाच्या व्यवस्थेत रूढीच्या कायद्यानुसार आफ्रिकी स्त्री वयाने कितीही वाढली तरी अज्ञानच, म्हणजे कोणाच्या तरी पालकत्वाखाली. स्वातंत्र्यानंतर, १९८२ च्या कायद्याने, अठरा वर्षांवरील सर्वांना सज्ञान ठरवले, तेव्हा ही स्थिती बदलली. माईगुरूंसारख्या उच्चशिक्षित स्त्रीचे पाच दिवसांत परतणे या पार्श्वभूमीवर वाचावे. त्यांची मुलगी न्याशा इंग्लंडमध्ये वाढलेली, प्रश्न विचारणारी. वडिलांशी लढताना ती अन्नच नाकारू लागते आणि तिचे शरीर खंगते. आफ्रिकी माणसांना असा आजार होत नाही, असे एक गोरा डॉक्टर सांगतो. ज्या शिक्षणाकडे तांबू मुक्ती म्हणून पाहते, त्याची किंमत तिची चुलतबहीण मोजते आहे.

२२/
आता चौघींना शेजारी ठेवावे. शिक्षण एफुरूकडे नाही, माईगुरूंकडे भरपूर आहे. तरी घर सोडून सुखरूप बाहेर पडते ती एफुरू. कारण तिची कमाई तिच्याच हाती होती आणि माहेरी तिचे स्थान अबाधित होते. शाळा, पगार, कायदा ही नवी साधने आली, पण ती बहुधा आधी पुरुषांच्या हाती पोहोचली. स्त्रियांची जुनी साधने मात्र मोडली गेली. १९२९ साली गोळ्या झेलणाऱ्या स्त्रियांना नेमकी हीच भीती वाटत होती. आयसातूला नवी साधने स्वतःच्या हाती घेता आली, म्हणून ती सुटली.

२३/
या लेखिकांना 'स्त्रीवादी' म्हणावे का, यावरही बराच वाद झाला. एमेचेटा यांनी हे विशेषण जपूनच स्वीकारले. नायजेरियाच्या समीक्षक चिक्वेन्ये ओकोंजो ओगुन्येमी यांनी १९८५ साली 'वुमनिझम' ही संज्ञा मांडली. आफ्रिकी स्त्रीचा लढा वंश, वसाहत आणि दारिद्र्य यांपासून वेगळा काढता येत नाही, हा त्यामागचा विचार. नाव कोणतेही द्यावे. गोऱ्या सत्तेला आणि घरच्या सत्तेला एकाच वेळी उत्तर देणे या चौघींनाही भाग होते.

२४/
न्वापा आपल्या प्रश्नापाशी थांबल्या नाहीत. युद्धोत्तर काळात त्यांनी मंत्रिपद सांभाळले आणि स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. १९८१ च्या 'वन इज इनफ' या कादंबरीत त्यांची नायिका आई होते, पण पुन्हा बायको व्हायचे नाकारते. १९९३ साली न्वापा यांचे निधन झाले. त्यांचा मूळ प्रश्न आता या चार कादंबऱ्यांनंतर पुन्हा वाचावा. तळ्याच्या तळाशी राहणाऱ्या उहामिरीला मूल नाही. पण तिचे धन तिच्या मालकीचे आहे, घरातून तिला कोणी काढू शकत नाही आणि काठावर तिच्या उपासक स्त्रिया आहेत. ओगुटाच्या बायका तिची पूजा का करत असाव्यात, हे एवढ्यावरून बरेचसे उमगते.